पाठमोरा

१७ मार्च, सोमवार. हरिहरेश्वर

पहाटे पाचला कोल्हार सोडलं. आम्ही तीन निवृत्त मास्तर, तिघांच्या बायका आणि एक भाड्याची गाडी. सुप्याला मिसळ खाल्ली. तिथे कारखान्यांच्या पाळीला निघालेल्या पोरांच्या बसचे दोन फोटो घेतले. ताम्हिणीत पळस इतका फुलला होता की ड्रायव्हरला चार वेळा गाडी थांबवायला लावली. चौथ्या वेळी बाकीची मंडळी कुरकुरली. कुरकुरू देत. तीस वर्षं मी चित्रकला शिकवली, पण हातात बरा कॅमेरा आला तो निवृत्तीच्या दिवशी शाळेने हा फोन दिला तेव्हा.

संध्याकाळी समुद्र पाहिला. म्हणजे फोटो काढले. सुकन्या म्हणाली, "फोनमध्येच बघायचा होता तर घरी खाटेवर पडून बघितला असता की. एवढं कंबर मोडून कशाला यायचं?" बायकोला उजेडातलं काय कळणार.

१८ मार्च, मंगळवार

आज एकशे बारा फोटो. त्यातले नऊ निवडून 'कोल्हार कट्टा' ग्रुपवर टाकले. ग्रुपवर अडीचशे माणसं आहेत, अर्धीअधिक माझे जुने विद्यार्थी. जेमतेम अकरा अंगठे आले. एकाने विचारलं, "सर, मासळी काय भाव?"

१९ मार्च, बुधवार. हर्णे

गावाकडे आज रंगपंचमी. ग्रुपवर सकाळपासून रंगलेली तोंडं येताहेत. त्या गर्दीत माझा बागमांडल्याच्या फेरीबोटीचा फोटो कुठे वाहून गेला कळलं नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. समुद्र, सूर्य, होड्या सगळेच टाकतात. मला माणूस हवा होता. काम करणारा, कॅमेऱ्याकडे न बघणारा.

तो इथे सापडला. आम्ही उतरलोय ते घर जहिराबाईंचं. पन्नाशीच्या आहेत, नवरा वारला, मागच्या नारळाच्या वाडीवर आणि चार खोल्यांवर घर चालवतात. त्यांच्याकडे एक गडी आहे. त्या त्याला नुसतं 'भाऊ' म्हणतात. तिशी ओलांडलेला, दाढी वाढलेली, बोलणं मोजकं. विहिरीपाशी उभा राहून शहाळी सोलतो. डावखुरा आहे. कोयता डाव्या हाताने असा फिरवतो की शहाळ्याचं टोक एका घावात उडतं आणि पाण्याचे थेंब उन्हात येतात.

चहा त्यानेच आणला. कुठून आलात म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, नगर जिल्हा, कोल्हार. त्याने ट्रे खाली ठेवला आणि तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, "भगवतीची यात्रा झाली का यंदा?"

"झाली की, पौषात. तू आला होतास की काय कधी?"

"न्हाई. ऐकलंय." आणि आत गेला. आपल्या देवीचं नाव पार समुद्रापर्यंत पोचलंय, हे मी सुकन्येला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

उन्हं कलल्यावर फोन घेऊन विहिरीशी गेलो. त्याने पाहिलं आणि कोयता खाली ठेवला. "नको सर. फोटो नको." इथे बाकी सगळे मला काका म्हणतात, हा सर म्हणाला. मास्तरकी चेहऱ्यावर लिहिलेली असते म्हणतात ती अशी. मी हसून म्हटलं, बरं बाबा, नको तर नको. मग वळसा घालून वाळत घातलेल्या चादरींच्या आडून काढला. पाठमोरा. डावा हात वर, कोयत्यावर ऊन, उजवा पाय डाव्या पोटरीला टेकवून एका पायावर उभा. सहलीतला सर्वात चांगला फोटो. आयुष्यातलाही असेल. खाली 'श्रमाचे सौंदर्य' असं लिहून ग्रुपवर टाकला.

२० मार्च, गुरुवार. गुहागर

सकाळपर्यंत चौऱ्याण्णव अंगठे. जिल्हा परिषदेत असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलं, "सर, प्रदर्शन भरवा." मला इतका आनंद झाला की चहाच्या आधीच त्या गड्याला शोधून फोन पुढे केला. म्हटलं, बघ, चौऱ्याण्णव लोकांनी वाहवा केली तुझी.

त्याने हात लुंगीला पुसले आणि फोन घेतला. बराच वेळ बघत होता. "कुठं टाकलाय?"

"आमच्या गावच्या ग्रुपवर."

"काढून टाका, सर."

"अरे, तोंड कुठे दिसतंय तुझं?"

"काढून टाका." आवाज चढवला नाही. पण फोन परत देताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, बघतो. काढला नाही. चौऱ्याण्णव माणसांना आवडलेली गोष्ट एकाच्या लहरीसाठी का पुसायची? वर मला रागच आला. आपण माणसाचा मान करतो आणि त्याला त्याची किंमत नसते.

निघताना गाडीच्या मागे सहा शहाळी ठेवलेली दिसली. जहिराबाई म्हणाल्या, "भाऊने ठेवली. म्हणाला, सरांच्या गाडीत ठेवा." म्हणजे रुसला नव्हता. दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघताना पाच फोडून प्यायली. सहावं सुकन्येने घरच्या देवासाठी मागे ठेवलं.

२३ मार्च, रविवार. कोल्हार

काय लिहू. लिहायचं नाही असं सकाळी ठरवलं होतं.

काल रात्री परत आलो. आज दहाच्या सुमारास दारात लंकाबाई आणि तिची नात पूजा. पूजा माझी विद्यार्थिनी, आता लोणीला कॉलेजला जाते. तिच्या फोनवर माझा फोटो उघडलेला.

लंकाबाई उंबऱ्याशीच बसली. म्हणाली, "सर, ह्यो माझा ओंकार हाय."

मी म्हटलं, कोण?

"ओंकार. डाव्या हातात कोयता धरलाय बघा. आन् ह्यो पाय. उभं राह्यलं की उजवा पाय पोटरीला लावायची सवय त्येची, लहानपनापून. पोरगी म्हन्ली सरांनी टाकलाय. कुठं घावला तुमाला?"

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. लंकाबाईचा धाकटा, ओंकार, अंगणात ट्रॅक्टर मागे घेत होता. थोरल्या भावाची, ज्ञानेश्वरची तीन वर्षांची निकिता चाकामागे खेळत होती. पूजाची धाकटी बहीण. मी मातीला गेलो होतो. दहाव्याच्या आत ओंकार घरातून नाहीसा झाला. विहिरी पाहिल्या, प्रवरेत पुलापासून खालपर्यंत गळ टाकले. काही मिळालं नाही. गावाने त्याला नदीत धरलं आणि विषय सोडून दिला. लंकाबाईने तेवढा सोडला नाही. दहावा घालू दिला नाही.

हा ओंकार आठवी ब मध्ये माझ्या वर्गात होता. डाव्या हाताने चित्र काढायचा. उजव्याने काढ, म्हणून मी वर्षभर त्या हातावर पट्टी मारली. आणि परवा त्याच हाताचा फोटो काढून खाली सौंदर्य असं लिहिलं, आणि मला ओळख पटली नाही.

लंकाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय सांगायचं होतं ते उघड आहे. हर्णे, अमक्यांचं घर, आत्ता फोन लावतो. त्याऐवजी मी म्हणालो, "लक्षात नाही हो. वाटेत कुठेतरी गाडीतून काढला. तोंड मी पाहिलं नाही."

पूजा हळूच म्हणाली, "सर, फोटोत विहीर हाय. गाडीतून कसा?"

मी म्हटलं, असेल, आठवून सांगतो. त्या गेल्या. सुकन्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

का खोटं बोललो? त्याने मला ओळखलं, यात्रेचं विचारलं, आणि मी त्याला ओळखलं नाही, याची लाज. तो दोनदा नको म्हणाला होता, त्याची त्याहून मोठी. म्हटलं, आधी जहिराबाईंना फोन लावून खात्री करू, मग मान वर करून सांगू. असं स्वतःला समजावलं. खात्री मला तिच्या पहिल्या वाक्यालाच झाली होती.

फोटो ग्रुपवरून काढायला गेलो. आता तो फक्त माझ्या फोनवरून पुसता येतो, बाकीच्यांच्या नाही. चौऱ्याण्णवचे एकशे साठ झालेत.

२४ मार्च, सोमवार

जहिराबाईंना फोन लावला.

"भाऊ आहे का?"

"गेला. तुम्ही निघालात त्याच दुपारी. जेवण ताटात तसंच टाकून."

मी सगळं सांगितलं. ओंकार, त्याची आई, नऊ वर्षं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडे सात वर्षं होता. माझ्या मुलीच्या लग्नात गावभर फोटो निघाले, हा एकातही नाही. चुलीपाशी जाऊन बसायचा. मी कधी विचारलं नाही का म्हणून. तुम्ही एका रात्रीत त्याला हुसकावलंत."

"कुठे गेला काही कल्पना?"

"असली तरी तुम्हाला सांगणार नाही." आणि फोन ठेवला. बरोबर केलं त्यांनी.

२५ मार्च, मंगळवार

सुकन्या बोलत नाही. देवापुढे ठेवलेलं शहाळं दुपारी तिने उचलून ओट्यावर माझ्यासमोर आणून ठेवलं. एवढंच म्हणाली, "हे कुणाचं आहे?"

२६ मार्च, बुधवार

गेलो. सुकन्या बरोबर आली, शहाळं पिशवीत घेऊन. मी एकटा गेलो असतो तर अर्ध्या वाटेतून परत फिरलो असतो, हे तिला माहीत आहे.

लंकाबाई गोठ्यासमोर शेण भरत होती. हात धुवून बसली. मी एका दमात सांगून टाकलं. हर्णे, तो नको म्हणाला होता ते, मी चादरीआडून काढला ते, पुसायला सांगितलं तर पुसला नाही ते, आणि तो तिथून गेला ते. रविवारी खोटं बोललो तेही. वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "म्हंजी हाय त्यो. जित्ता हाय."

"आहे."

"कसा दिसतो, सर? गाल बसलेत का? केस पिकले का?"

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. दोन वेळा चहा दिला त्याने मला. समोर उभा होता, बोलला. दाढी होती, एवढं आठवतं. डोळे कसे होते, खंगलाय की धडधाकट आहे, हसतो का, काही नाही. सदरा कसला होता ते सांगू शकतो, उन्हात रंग चांगला आला होता म्हणून. चेहऱ्याची मापं पोरांना फळ्यावर काढून शिकवली मी तीस वर्षं. कपाळ एवढं, नाक एवढं.

"दाढी आहे," मी म्हणालो.

ती वाट बघत राहिली. पुढे काहीच येईना तेव्हा सुकन्या म्हणाली, "अंगानं बरा आहे, लंकाबाई. कानापाशी थोडे पांढरे झालेत. आवाज हळू आहे. चालताना खाली बघतो." मग पिशवीतून शहाळं काढून तिच्या ओटीत ठेवलं. "हे त्यानं सोललेलं आहे. आमच्या गाडीत ठेवलं होतं."

"धाडलं त्यानं?"

मी मान हलवली. बाकीच्या पाचांचं मी सांगणार होतो. सुकन्येने माझ्याकडे असं पाहिलं की गप्प बसलो.

लंकाबाईने ते फोडलं नाही. जिथे कोयता लागला होता तिथे अंगठा फिरवत राहिली.

ज्ञानेश्वर शेतातून आला होता, कधी ते कळलं नाही. गोठ्याच्या खांबाला टेकून उभा. सगळं ऐकलं असावं. तसाच आत गेला.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी सात वाजता ज्ञानेश्वर दारात. दाढी केलेली, अंगात पांढरा सदरा. मला वाटलं, भांडायला आला. खुर्ची दिली, बसला नाही.

"सर, त्या बाईला माझा आवाज धाडायचा हुता. पूजाच्या फोनात तीनदा बोलाया गेलो. ओंकार म्हन्लं की फुडं आवाजच निघंना."

मी खुर्ची जरा त्याच्याकडे सरकवली.

"निकीला माती दिऊन आलो तवा मी त्याला म्हन्लो हुतो, पुन्ना मला त्वांड दावू नगंस. रागात मानूस बोलतं, सर. त्यो काय गेला न्हाई पळून. त्यानं पाळलं. तुमच्या फोटोत बी पाठ करूनच हुबा हाय. तुमी आमच्या गावचे, म्हनून."

मग म्हणाला, "माझा फोटो काढा."

अंगणात उभा राहिला. मी सवयीने म्हणालो, जरा उजेडाकडे वळ, हनुवटी थोडी खाली. आणि स्वतःचीच लाज वाटून गप्प झालो.

"कसा बी काढा," तो म्हणाला, "पन त्वांड समदं येऊ द्या." टोपी काढून हातात धरली आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं. मागे आमची पाण्याची टाकी आली, नळाखालची बादली आली. एकच काढला.

"खाली काय लिहू?"

"काय नगं. त्याला कळंल."

जहिराबाईंना पाठवला. सोबत एवढंच लिहिलं की हा त्याचा थोरला भाऊ, जमलं तर त्याला दाखवा. अर्ध्या तासाने त्यांनी पाहिल्याची खूण आली. उत्तर नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. ग्रुपवर सगळ्यांच्या गुढ्या. मी टाकली नाही. एकाने विचारलं, "सर, यंदा फोटो नाही?" लंकाबाईच्या दारावरून गेलो तर तिने लांबूनच हाताने विचारलं. मी लांबूनच नाही म्हटलं. चार दिवसांत हे सहाव्यांदा.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी तीन वाजता जहिराबाईंचा निरोप आला. "आंजर्ल्याला माझ्या भावाच्या होडीवर आहे. काल गेले होते. दादाचा फोटो दाखवला, तर फोन घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसला. संध्याकाळी येऊन म्हणाला, माझा काढा. मला नीट काढता येत नाही, हात हलला आहे. त्याची आई आणि दादा सोडून कोणी बघायचा नाही असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. तुमच्याशिवाय माझ्याकडे दुसरा नंबर नाही. भरवसा ठेवतेय."

खाली फोटो. अजून उतरवलेला नव्हता. नुसता धुरकट चौकोन, मधे बाण. बोट लावलं की उघडणार. त्या चौकोनात वर काहीतरी काळं होतं, खाली काहीतरी निळं. मी फोन पालथा करून खिशात घातला आणि निघालो.

लंकाबाई ओसरीवर होती. फोन तिच्या हातात दिला, कुठे बोट लावायचं ते दाखवलं, आणि वळून गोठ्याकडे तोंड करून उभा राहिलो. म्हैस माझ्याकडे बघत होती, मी म्हशीकडे.

मग लंकाबाई बोलायला लागली. माझ्याशी नाही. "किती वाळलास रं. टोपी का न्हाई घातली? ऊन किती लागतंय ततं." जरा थांबून, "जेवलास का?"

मग म्हणाली, "सर, गेला."

फोन बंद झाला होता. माझ्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. मी तोंड तिकडेच ठेवून हात मागे केला, तिने फोन माझ्या अंगठ्याला लावला, उघडला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा, "सर, गेला." पुन्हा हात मागे केला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ज्ञानेश्वरच्या पावलांचा आवाज आला आणि माझ्या अंगठ्याला फोन लावला तो त्याने. त्याचा हात ओला होता. नाक ओढलेलं ऐकू आलं.

लंकाबाई म्हणाली, "सर, वळा की. तुमी बी बघा. तुमच्यामुळं घावला."

माझ्यामुळे सापडला आणि माझ्यामुळेच पुन्हा हरवणार होता, हे तिला माहीत आहे. तरी म्हणाली. मी म्हटलं, नको लंकाबाई, मी बघायचा नाही असा त्याचा निरोप आहे. पूजाला हाक मारली, फोनचं कुलूप काढून टाकायला सांगितलं, आणि फोन त्यांच्याकडेच ठेवून आलो. जहिराबाईंचा नंबर त्यात आहे. पुढचं त्यांचं ते बोलतील.

खिसा रिकामा घेऊन घरी आलो. सुकन्या दारातच होती. त्या शहाळ्याच्या प्रश्नानंतर पहिल्यांदा आपण होऊन बोलली. म्हणाली, "कसा दिसतो हो आता?"

"तोंड मी पाहिलं नाही," मी म्हणालो. लंकाबाईला त्या रविवारी हेच म्हटलं होतं. आज ते खरं होतं.